युद्धामुळे घर सुटलं, तर भरपाई कशाची मागायची? कुवेत १९९० चा धडा



नववीच्या राज्यशास्त्रात 'संयुक्त राष्ट्रे' हा पाठ आहे. आमसभा, सुरक्षा परिषद, पाच कायम सदस्य, नकाराधिकार हे सगळं मुलं पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. पुढे 'आंतरराष्ट्रीय समस्या' या पाठात निर्वासितांचा प्रश्न येतो, तोही मुलांना दूरचाच वाटतो. पण प्रत्येक वर्गात एखादं चिकित्सक मूल असतंच. ते विचारतं, "सर, सुरक्षा परिषदेने ठराव केला म्हणून साध्या माणसाच्या हातात काही पडतं का?"

पडतं. निदान एकदा तरी नक्की पडलेलं आहे, आणि आपल्या देशातल्या हजारो कामगारांच्या हातात पडलेलं आहे. ती हकीकत पाठ्यपुस्तकात नाही, म्हणून इथे मांडतो. तासाला वापरा. घरात कोणी आखातात कामाला असेल, तर पालकांनी जरा जास्त लक्ष देऊन वाचा.

२ ऑगस्ट १९९० च्या पहाटे इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. तेव्हा तिथे सुमारे पावणेदोन लाख भारतीय राहत होते. केरळचे सर्वांत जास्त, पण कोकण, मुंबई, गोवा इथलेही पुष्कळ. ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन, नर्स, कारकून, दुकानदार, घरकाम करणाऱ्या बायका. एका रात्रीत बँका बंद झाल्या आणि काही आठवड्यांत कुवेती दिनार कागदाच्या किमतीचा झाला. वर्षानुवर्षं साठवलेला पैसा खात्यात असूनही नव्हता. त्या वेळचे परराष्ट्रमंत्री इंदरकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दाम हुसेन यांना भेटले आणि भारतीयांना बाहेर काढायचा रस्ता निघाला. कुवेतहून बगदाद, तिथून वाळवंटातून बसने जॉर्डनची सरहद्द, मग अम्मान. अम्मानहून एअर इंडियाची विमानं त्यांना मुंबईला आणत होती. ५९ दिवसांत ४८८ उड्डाणं आणि १ लाख ११ हजारांहून जास्त माणसं, असा तो आकडा सांगितला जातो. २०१६ चा 'एअरलिफ्ट' सिनेमा बहुतेक मुलांनी टीव्हीवर पाहिलेला असतो, त्यामुळे इथपर्यंत फार सांगावं लागत नाही. (त्यातला नायक मात्र इतिहासातला माणूस नाही, एवढं सांगून टाका.)

सिनेमा विमानतळावर संपतो. आपला धडा विमानतळाच्या बाहेर सुरू होतो. हातात एक बॅग, खिशात न चालणाऱ्या नोटा, गावाकडे कर्ज. आता याचं काय?

भरपाई नेमकी कशाची?

मुलांना आधी त्यांच्या ओळखीचं उदाहरण द्या. आपल्या जिल्ह्यात जायकवाडी सगळ्यांना माहीत आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, धरण झालं, नाथसागर भरला आणि गावं पाण्याखाली गेली. धरणग्रस्ताला पैसे कशाचे मिळतात? जमिनीचे, घराचे, विहिरीचे, झाडांचे. सातबाऱ्यावर नाव आहे का, पंचनाम्यात घर आलं का, हे बघितलं जातं. ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाही, जो दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जात होता, त्याचंही गाव बुडालेलं असतं. पण त्याला दाखवायला कागद नसतो.

फाळणीनंतरही हेच झालं. सिंधमधून आलेल्या लोकांच्या वसाहती महाराष्ट्रात ठिकठिकाणी उभ्या राहिल्या. कल्याणजवळच्या लष्करी छावणीचं उल्हासनगर झालं, आणि आपल्या शहरात जालना रोडवर सिंधी कॉलनी आहेच. या निर्वासितांसाठी १९५० मध्ये दाव्यांची नोंद व तपासणी करणारा कायदा झाला आणि १९५४ मध्ये प्रत्यक्ष भरपाईचा. तिथेही प्रश्न तोच होता, तुमची पाठीमागे राहिलेली मालमत्ता किती? ज्याचा कराचीत बंगला होता त्याचा दावा मोठा, जो तिथे भाड्याच्या खोलीत राहत होता त्याचा मालमत्तेचा दावाच नाही. त्याला छावणी, रेशन, कर्ज अशी मदत मिळाली, पण मदत वेगळी आणि भरपाई वेगळी. मदत ही देणाऱ्याची मेहेरबानी असते, भरपाई हा घेणाऱ्याचा हक्क असतो. हा फरक फळ्यावर लिहा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

कुवेतच्या प्रकरणात पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर एक वेगळी गोष्ट मान्य झाली. तुमचं काय बुडालं हे नंतर बघू, पण तुम्हाला युद्धामुळे तो देश सोडावा लागला हेच मुळात एक नुकसान आहे. त्याची ठरावीक रक्कम मिळेल. बंगला होता की कंपनीच्या खोलीत आठ जणांत एक खाट होती, हे विचारणार नाही. तुम्ही तिथे होतात आणि अमुक काळात तिथून निघालात, एवढंच दाखवा.

माझ्या मते या सबंध प्रकरणातली सर्वांत शिकवण्यासारखी गोष्ट हीच आहे. सातबारा नसलेल्या माणसाचाही दावा होऊ शकतो.

ठराव ते फॉर्म

३ एप्रिल १९९१ रोजी सुरक्षा परिषदेने ६८७ क्रमांकाचा ठराव केला. त्यात म्हटलं होतं की, या बेकायदा आक्रमणामुळे परदेशी सरकारं, नागरिक आणि कंपन्या यांचं जे थेट नुकसान झालं त्याला इराक जबाबदार आहे. इराकने तो ठराव मान्य केला. पुढच्याच महिन्यात ६९२ क्रमांकाच्या ठरावाने जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांचा भरपाई आयोग स्थापन झाला.

हे कोर्ट नव्हतं, हे मुलांना नीट समजावून सांगा. कोर्टात दोन पक्ष असतात, दोष कोणाचा यावर वाद चालतो, तारखा पडतात. इथे दोष कोणाचा ते सुरक्षा परिषदेने आधीच ठरवून टाकलं होतं. आयोगाचं काम फक्त दावे तपासायचं आणि रक्कम ठरवायचं. लाखो कामगार एकेक करून इराकवर खटला भरते, तर त्यांची नातवंडंही तारखांनाच गेली असती.

दाव्यांचे सहा वर्ग केले होते. इंग्रजी 'एफ'पर्यंत जातात, पण शेवटचे तीन वर्ग एक लाख डॉलरच्या वरची वैयक्तिक नुकसानं, कंपन्या आणि सरकारं यांच्यासाठी होते, ते आपण सोडून देऊ. साध्या माणसाचे तीन. 'ए' म्हणजे देश सोडावा लागला त्याबद्दल. 'बी' म्हणजे गंभीर इजा झाली किंवा घरातलं माणूस गेलं त्याबद्दल. 'सी' म्हणजे प्रत्यक्ष नुकसान, एक लाख डॉलरपर्यंत. त्यात सामानसुमान, बुडालेला पगार, बँकेतले पैसे, दुकान असं सगळं.

आता 'ए'चे आकडे फळ्यावर घ्या. एकट्या माणसाला २५०० डॉलर, कुटुंबाला ५००० डॉलर. पण "मी दुसऱ्या कुठल्याही वर्गात दावा करणार नाही" असं लिहून दिलं, तर एकट्याला ४००० आणि कुटुंबाला ८००० डॉलर. अट एवढीच की २ ऑगस्ट १९९० ते २ मार्च १९९१ या काळात इराक किंवा कुवेतमधून बाहेर पडलेलं असावं, आणि त्याचा साधा पुरावा असावा.

म्हणजे फॉर्म भरण्यापूर्वीच माणसाला निर्णय घ्यायचा होता. हमखास मिळणारी मोठी ठोक रक्कम घ्यायची, की लहान रक्कम घेऊन 'सी'मध्ये नुकसानीचा हिशेब मांडायचा? गणिताच्या शिक्षकांनी हा तास माझ्याकडून मागून घ्यावा इतका तो चांगला आहे.

एक कल्पित उदाहरण घ्या. पैठणचा एक इलेक्ट्रिशियन, एकटाच, महिना ८० दिनार पगार, कंपनीच्या खोलीत राहणारा. दोन महिन्यांचा पगार अडकला. तेव्हाचा एक दिनार म्हणजे साधारण साडेतीन डॉलर. १६० दिनारांचे झाले ५६० डॉलर. 'ए'चे २५०० आणि 'सी'चे पूर्ण ५६० मंजूर झाले असं धरलं, तरी ३०६० होतात. लिहून दिलं तर ४०००, शिवाय नुकसान सिद्ध करायची कटकट नाही. त्याने लिहून द्यावं, हे आठवीतलं पोरगंही सांगेल.

आता दुसरं कुटुंब घ्या, हेही कल्पितच. नवरा, बायको, दोन मुलं. भाड्याचा फ्लॅट पण सामान स्वतःचं, गाडी स्वतःची, एक छोटं दुकान. नुकसान १५ हजार डॉलर. गाडीचे कागद आहेत, सामानाच्या पावत्या नाहीत. आता काय करायचं? इथे वर्गात भांडणं होतात, आणि व्हायलाच पाहिजेत. एक माहिती त्यांना द्या. 'सी' वर्गात लहान दाव्यांना, विशेषतः २० हजार डॉलरच्या आतल्या दाव्यांना, कमी कागदपत्रं चालतील असं आयोगाने ठरवलं होतं. युद्धातून पळणारा माणूस फ्रिजची पावती शोधत बसत नाही, हे जिनिव्हातल्या लोकांनाही कळत होतं.

तिसरं उदाहरण मुद्दाम अवघड आहे. ऑगस्ट म्हणजे आखातातल्या उन्हाळी सुट्ट्या. समजा, एक कुटुंब जुलैतच सुट्टीवर गावी आलं होतं. घर, सामान, नोकरी सगळं कुवेतमध्ये आणि परत जाता येईना. यांचं नुकसान कमी आहे का? नाही. पण त्या काळात ते 'बाहेर पडले' नाहीत, कारण ते आधीच बाहेर होते. म्हणून 'ए' वर्गाचं दार त्यांना बंद. नुकसान मांडायचं तर 'सी'मधून. मुलांना हा अन्याय वाटतो. मलाही तो पूर्ण न्याय वाटत नाही. पण ठोक रकमेची योजना करायची म्हटलं की कुठेतरी रेघ ओढावी लागते, आणि रेघेच्या पलीकडे कोणीतरी उभं असतंच.

अर्ज कोणी भरायचा?

जिनिव्हाला थेट पोस्टाने अर्ज पाठवता येत नव्हता. प्रत्येक देशाच्या सरकारने आपल्या नागरिकांचे दावे गोळा करायचे आणि एकत्र सादर करायचे, अशी पद्धत होती. शंभराच्या आसपास देशांनी असे दावे सादर केले. आपल्याकडे परराष्ट्र मंत्रालयात त्यासाठी खास कुवेत कक्ष होता. लोकांच्या तोंडी 'कुवेत सेल'. सरकारला या कामाच्या खर्चापोटी वैयक्तिक दाव्याच्या रकमेतून दीड टक्क्यापर्यंत कापून घ्यायची मुभा होती. 'ए', 'बी', 'सी' वर्गांसाठी शेवटची तारीख वाढत वाढत १ जानेवारी १९९५ झाली.

पुरावा काय लागायचा? सर्वांत चांगला म्हणजे पासपोर्ट आणि त्यावरचे शिक्के. कुवेतचा अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, आणि जॉर्डनमध्ये शिरल्याचा किंवा मुंबईत उतरल्याचा शिक्का. यातून 'होतो' आणि 'निघालो' ही दोन्ही वाक्यं सिद्ध होतात. आता विचार करा, ज्या बाईचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात राहिला तिचं काय? आखातात कामगाराचा पासपोर्ट कफीलने, म्हणजे मालकाने, स्वतःजवळ ठेवायची वाईट सवय होती. अशा वेळी वकिलातीने दिलेला तात्पुरता प्रवासाचा कागद हाच तिचा पुरावा. तो तिने घरी आल्यावर जपून ठेवला असेल तर!

सगळ्या देशांचे मिळून एकट्या 'ए' वर्गात ९ लाखांच्या वर दावे आले. एवढे फॉर्म माणसं वाचत बसली असती तर आजही वाचत बसली असती. म्हणून आयोगाने लोकांच्या येण्याजाण्याच्या नोंदी, सुटकेच्या प्रवासाच्या याद्या असं जे मिळेल ते गोळा करून संगणकात भरलं आणि दावेदाराची नावं त्याच्याशी जुळवली. जुळलं तो दावा मंजुरीच्या वाटेवर. ज्यांची नावं जुळली नाहीत, त्यांतले काही नमुने काढून तपासले आणि त्यावरून उरलेल्यांबद्दल ठरवलं. भात शिजला का ते बघायला आपण शितं चाचपतो, तसंच हे. दहावीच्या सांख्यिकीला याहून जिवंत उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

इथे एक आपल्याकडची अडचण. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, तिकिटावर वडिलांचं नावच आडनाव झालेलं, बाईचं लग्नाआधीचं नाव एका कागदावर आणि नंतरचं दुसऱ्यावर. गावात सगळ्यांना माहीत असतं की ही तीच व्यक्ती. संगणकाला माहीत नसतं.

पैसे आले, पण केव्हा आणि कोणाचे?

पैसा इराकच्या तेलातून यायचा होता. पण इराकवर व्यापारबंदी होती, तेल विकायलाच बंदी. मग भरपाई कशातून? दावे मंजूर होत गेले आणि तिजोरी जवळजवळ रिकामी. १९९५ मध्ये ९८६ क्रमांकाचा ठराव झाला. इराकने ठरावीक तेल विकावं आणि त्यातून अन्न व औषधं घ्यावीत, अशी ती योजना. प्रत्यक्ष विक्री डिसेंबर १९९६ मध्ये सुरू झाली आणि त्या उत्पन्नातले ३० टक्के भरपाईच्या निधीत जाऊ लागले. घर सोडून सहा वर्षं झाल्यावर 'ए' वर्गाचे पैसे वाटायला सुरुवात झाली. आधी प्रत्येकाला २५०० डॉलरचा पहिला हप्ता, उरलेले नंतर. तेव्हा डॉलर ३६ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे पहिला हप्ता सुमारे ९० हजार रुपये. १९९७ साली खेड्यातल्या घराला ही रक्कम किती मोठी होती, ते घरातल्या आजोबांना विचारायला मुलांना सांगा.

एक गोष्ट आयोगाने मनापासून बरोबर केली. आधी साधी माणसं, मग कंपन्या आणि सरकारं. एरवी अशा भरपाईत मोठे आधी वाढून घेतात आणि पातेल्याच्या तळाशी राहतं ते लहानांना. इथे पंगत उलटी बसली. कुवेतच्या सरकारी तेल कंपनीचा १४.७ अब्ज डॉलरचा दावा हा सर्वांत मोठा, आणि त्याचा शेवटचा हप्ता थेट जानेवारी २०२२ मध्ये फेडला गेला. एकूण ५२.४ अब्ज डॉलर, सुमारे १५ लाख दावेदारांना. त्यातले ३ अब्जांहून जास्त 'ए' वर्गाला.

पण मुलं विचारतील, आणि त्यांनी विचारलं नाही तर तुम्ही विचारा, की हे पैसे दिले कोणी? सद्दामने तर आपल्या खिशातून दिले नाहीत. ज्या इराकी मुलांना त्या वर्षांत औषधं मिळत नव्हती, त्यांच्या देशाच्या तेलातले १०० पैकी ३० जात होते. पुढे हा वाटा २५ टक्के झाला, २००३ नंतर ५ टक्के. युद्ध सुरू करणारा एक आणि फेडणारे दुसरेच. पैठणच्या आपल्या कल्पित इलेक्ट्रिशियनचा हक्क खरा आहे, आणि बगदादमधल्या त्या मुलाची उपासमारही खरी आहे. याचं उत्तर मी वर्गात देत नाही. दोन गट करतो आणि बोलू देतो.

आत्ताचं काय?

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि 'ऑपरेशन गंगा'तून आपले हजारो विद्यार्थी परत आले. त्यांत मराठवाड्यातली मेडिकलची मुलंही होती. त्या युद्धासाठी २०२३ मध्ये युरोप परिषदेने हेग शहरात 'नुकसान नोंदवही' स्थापन केली, आणि एप्रिल २०२४ पासून तिच्याकडे दावे येऊ लागले. तिच्या वर्गवारीत सक्तीचं स्थलांतर हा स्वतंत्र वर्ग आहे. म्हणजे कुवेतच्या वेळी पेरलेलं इथे उगवलं. फरक मात्र मोठा आहे. इथे दोषी देशाने काहीही मान्य केलेलं नाही आणि सुरक्षा परिषदेत त्याच्याच हातात नकाराधिकार आहे. नकाराधिकाराचा अर्थ मुलांना समजत नसेल, तर ही दोन उदाहरणं शेजारीशेजारी ठेवा. शिवाय नोंदवही म्हणजे तिजोरी नव्हे. ती दावा नोंदवून ठेवते, पैसे देत नाही. "नोंद झाली" आणि "मंजूर झालं" यांतला फरक ज्याने तहसील कचेरीत एकदा तरी हेलपाटा घातला आहे, त्याला सांगायला नको.

पालकांसाठी शेवटचं, आणि हे थोडं घरगुती आहे. तुमचं कोणी परदेशात असेल तर या आठवड्यात फोनवर एवढं मागून घ्या. पासपोर्टच्या शिक्के असलेल्या सगळ्या पानांचे फोटो, फक्त पहिल्या पानाचा नको. अकामा किंवा तिथलं ओळखपत्र. नोकरीचा करार, पगाराची अलीकडची स्लिप, बँकेचं स्टेटमेंट, भाड्याचा कागद. गाडी घेतली असेल तर तिचे कागद. घरातल्या महागाच्या वस्तूंचे दोन-चार फोटो. हे सगळं त्यांच्याच मोबाइलमध्ये राहिलं तर उपयोग नाही. मोबाइल तिथेच राहू शकतो. एक प्रत गावाकडे हवी, आणि ती कुठे ठेवली हे घरातल्या दोघांना तरी माहीत हवं. भारतीय दूतावासाकडे आपली नोंद आहे का, हेही विचारा. संकटात सुटकेच्या यादीत नाव यायला ती नोंद कामाला येते.

वर्गासाठी उपक्रम असा. वरची तीन कुटुंबं तीन गटांना द्या आणि चौथ्या गटाला करा आयोग. पहिल्या तीन गटांनी कोऱ्या कागदावर स्वतःच फॉर्म तयार करायचा, कोणते रकाने हवेत तेही त्यांनीच ठरवायचं, आणि पुराव्याच्या जागी घरून आणता येतील अशा खऱ्या कागदांची नावं लिहायची. आयोगाने प्रत्येक फॉर्मला एकच प्रश्न विचारायचा: "तुम्ही तिथे होतात, हे आम्हाला कशावरून कळावं?" पस्तीस मिनिटांच्या तासात हे बसत नाही, त्यामुळे जोडतास मागून घ्या.